मातीतले जड धातू मोजणारी एक्सआरएफ गन: कुठे भरवशाची, कुठे नाही

एखाद्या जमिनीत शिसं, जस्त आणि तांबं कुठे आणि किती साचलं आहे याचा नकाशा एका दिवसात हवा असेल, तर हातात धरून चालवायच्या एक्सआरएफ यंत्राच्या, म्हणजे क्ष-किरण मारून धातू ओळखणाऱ्या यंत्राच्या, तोडीचं दुसरं साधन नाही. त्याच जमिनीतल्या पालेभाजीत कॅडमियम किती उतरेल हे ठरवायचं असेल, तर मात्र या यंत्रावर वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी एकाच यंत्राबद्दल आहेत आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत. फसगत होते ती पहिल्या कामासाठी घेतलेलं यंत्र दुसऱ्या कामाला जुंपल्यामुळे. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे, आणि ते धातूगणिक केलं आहे.

यंत्राच्या तोंडाशी छोटी क्ष-किरण नळी असते, साधारण ४० ते ५० किलोव्होल्टवर चालणारी. तिचे किरण मातीतल्या अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती रिकामी जागा वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन भरतो आणि त्या वेळी त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. लोखंडाचा ६.४०, तांब्याचा ८.०५, जस्ताचा ८.६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. डिटेक्टर प्रत्येक ऊर्जेचे किती किरण आले ते मोजतो आणि पडद्यावर पीपीएममध्ये, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅममध्ये, आकडा येतो. आम्ल लागत नाही, माती विरघळवावी लागत नाही, नमुना जसाच्या तसा परत मिळतो आणि एका रीडिंगला ३० ते ६० सेकंद पुरतात.

आकड्याशेजारी जो अधिक-उणे फरक दिसतो त्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. तो किरणांच्या मोजणीतून येतो आणि वेळेच्या वर्गमुळाने कमी होतो. ३० सेकंदांत अधिक-उणे १२ आला असेल, तर तो ६ वर आणायला ६० नव्हे, १२० सेकंद लागतील. शिवाय हा फरक फक्त मोजणीचा असतो. माती ओली होती, दाणे मोठे होते, नमुना चुकीच्या जागेचा होता, यातलं काहीही त्या आकड्यात धरलेलं नसतं. त्यामुळे "३१२ अधिक-उणे ६" वाचून खरं मूल्य ३०६ ते ३१८ च्या मध्ये आहे असं समजू नका.

धातूगणिक निकाल

शिसं हा या यंत्राचा हुकमी एक्का. ओळखण्याची किमान मर्यादा साधारण ५ ते १० पीपीएम, आणि प्रदूषण न झालेल्या मातीत शिसं बहुधा १० ते ४० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे पार्श्वभूमीची पातळीसुद्धा दिसते. चिंता करण्याजोगे आकडे शेकड्यांत असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये निवासी मातीसाठी छाननीची पातळी, म्हणजे जिच्यावर गेल्यास पुढची तपासणी करायची तो आकडा, ४०० वरून २०० पीपीएमवर आणली. वाळवून चाळलेल्या मातीवर २०० आणि ४०० मधला फरक हे यंत्र निःशंक सांगतं. जस्त आणि तांब्याचंही तसंच, दोन्हींसाठी पूर्ण गुण.

आर्सेनिकचं प्रकरण वेगळं. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ वर आणि शिशाची १०.५५ वर. दोघांत साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर, आणि चांगल्या डिटेक्टरला वेगळं दिसायला साधारण १४० हवेत. म्हणजे यंत्राला इथे एकच शिखर दिसतं. मग ते शिशाची दुसरी रेषा, १२.६१ ची, बघून शिशाचा वाटा ठरवतं आणि तो एकत्र शिखरातून वजा करून उरलेलं आर्सेनिकच्या नावावर टाकतं. शिसं ५० आणि आर्सेनिक २० असेल तर हे छान जमतं. शिसं २,००० असेल, तर त्याच्या मोजणीतली दोन-तीन टक्क्यांची चूकच आर्सेनिकच्या खऱ्या आकड्याला गिळून टाकते. साधा नियम असा की आर्सेनिक शिशाच्या दशांशापेक्षा कमी दिसत असेल तर तो आकडा अहवालात लिहू नका, लॅबला पाठवा.

भाड्याने घेण्याआधी यंत्राची कसोटी घ्यायची असेल तर यासाठी एक तयार नमुना आहे. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचा प्रमाणित मातीनमुना २७११ए. त्यात शिसं १,४०० पीपीएम आणि आर्सेनिक १०७, म्हणजे तेरास एक. हा नमुना जागचा न हलवता दहा वेळा ६० सेकंद मोजा. शिशाचे दहाही आकडे एकमेकांना चिकटून येतील. आर्सेनिकचे किती पसरतात आणि त्यांची सरासरी १०७ च्या किती जवळ जाते, यावरून त्या यंत्राची खरी लायकी कळते. माहितीपत्रकातल्या किमान मर्यादा बहुधा स्वच्छ वाळूवर काढलेल्या असतात, त्यात शिसं नसतंच.

कॅडमियमला नापास. वनस्पतींत शिरण्याच्या दृष्टीने सर्वांत घातक असलेला हाच धातू यंत्राला नीट दिसत नाही, ही या यंत्राची सर्वांत मोठी उणीव. स्वच्छ मातीत कॅडमियम बहुधा १ पीपीएमच्या खाली असतं. युरोपच्या १९८६ च्या सांडपाणी-गाळ निर्देशात शेतजमिनीची मर्यादा १ ते ३ पीपीएम आहे. यंत्राला ५ ते १० च्या खालचं कॅडमियम विश्वासाने ओळखता येत नाही. पडद्यावर "आढळले नाही" असं येतं आणि वाचणारा ते "नाही" असं समजतो. मर्यादेच्या दुप्पट कॅडमियम असलेली जमीन अशा रीतीने सहज स्वच्छ ठरते. अहवाल लिहिताना तिथे "आढळले नाही" न लिहिता "८ पीपीएमपेक्षा कमी", जी काय त्या दिवशीची मर्यादा असेल ती, लिहिलीच पाहिजे.

पारा त्याच रांगेत. वरच्या निर्देशात मर्यादा १ ते १.५ पीपीएम, यंत्राची नजर त्याच्या कितीतरी वर. क्रोमियम दिसतं, पण तीन संयुजेचं की सहा संयुजेचं हे कळत नाही, आणि विषारीपणाचा सारा फरक तिथेच आहे. सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी अल्कधर्मी द्रावणात वेगळी तपासणी करावी लागते. निकेल ठीकठाक, साधारण २० ते ३० पीपीएमच्या वर.

आणखी एक गोष्ट तक्रार म्हणून वारंवार ऐकू येते. क्रोमियमचा एक्सआरएफ आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा जास्त येतो. तो दोष नाही. लॅबमध्ये नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने केलेलं पाचन, म्हणजे माती विरघळवण्याची क्रिया, सिलिकेट आणि क्रोमाइटसारखी खनिजं पूर्ण विरघळवत नाही. एक्सआरएफ मात्र खनिजाच्या आत अडकलेला धातूही मोजतो. दोन पद्धती दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत, एवढंच. मातीत व्हॅनेडियम बरंच असेल तर मात्र ते क्रोमियमच्या रेषेला चिकटून आकडा खोटा फुगवू शकतं, तेवढं पाहून घ्या.

यंत्राची खरी ताकद

एका धातूचा आकडा कुठलीही लॅब देईल. यंत्राची मजा एकाच रीडिंगमध्ये वीसेक मूलद्रव्यं दिसण्यात आहे, कारण कोणते धातू जोडीने वाढतात यावरून प्रदूषण कुठून आलं ते ओळखता येतं. शिसं आणि आर्सेनिक एकत्र वाढलेले दिसले आणि जागा जुनी फळबाग असेल, तर लेड आर्सेनेट या कीटकनाशकाच्या जुन्या फवारणीकडे बोट जातं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक तिन्ही एकदम चढले, तर त्या तिघांच्या मिश्रणाने टिकाऊ केलेलं लाकूड तिथे कुठेतरी आहे किंवा होतं. जस्त एकटंच वाढलं आणि वरती पत्र्याचं छप्पर आहे, तर पागोळ्यांखालची माती पाहा. भिंतीलगत शिसं प्रचंड आणि चार-पाच मीटरवर झपाट्याने कमी, तर जुना रंग. रस्त्यालगत लांबवर हळूहळू उतरत जाणारं शिसं हा पेट्रोलचा वारसा. जगात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०२१ मध्ये थांबली, पण मातीतलं शिसं कुजत नाही आणि पाण्याबरोबर फारसं खालीही जात नाही. द्राक्षबागेत तांबं शेकड्यांत निघालं तर बोर्डो मिश्रण हे तांब्याचं बुरशीनाशक आठवा.

असा नकाशा काढायला १०० ते १५० ठिकाणी रीडिंग लागतात. लॅबमध्ये इतके नमुने कुणी पाठवत नाही, म्हणून आठ-दहा नमुन्यांवर निष्कर्ष काढले जातात आणि नेमका विषारी कोपरा सुटतो. इथे यंत्र आपली किंमत वसूल करून देतं.

पाणी, दाणे आणि वाडगी

आकडा बिघडवणारं पहिलं कारण पाणी. कोरड्या मातीत शिसं ४०० पीपीएम असेल आणि नमुन्याच्या वजनात ३० टक्के पाणी असेल, तर केवळ वजनाच्या हिशेबाने ते २८० दिसेल. शिवाय पाणी किरण शोषून घेतं आणि विखुरतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला तर जागेवरचं रीडिंग छाननीपुरतं चालतं. त्यापुढे वाळवल्याशिवाय मोजू नका. पावसानंतर दोन-तीन दिवस शेतात यंत्र फिरवणं म्हणजे ढगाळ काचेतून अक्षरं वाचणं.

शिसं, जस्त, तांब्यासाठी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवलं तरी बिघडत नाही. पारा तपासायचा असेल तर ओव्हन वर्ज्य, तो उडून जातो. पसरून हवेवर वाळवा. मायक्रोवेव्हमध्ये माती वाळवू नका, धातूचा कण असला की ठिणग्या पडतात.

दुसरं कारण दाण्यांचं. यंत्र किती थोडी माती बघतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. खिडकीचा व्यास ८ मिमी धरला तर क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर. शिशाचे किरण साधारण १ मिमी खोलीपर्यंतूनच परत येतात. म्हणजे आकडा ठरतो तो जेमतेम ०.०६ ग्रॅम मातीवर. समजा, १० ग्रॅमच्या नमुन्यात जुन्या रंगाची १ मिलिग्रॅमची एक खपली आहे आणि तिच्यात १० टक्के शिसं आहे. पूर्ण नमुन्यात त्या खपलीने फक्त १० पीपीएमची भर पडते. पण ती नेमकी खिडकीसमोर आली तर पडद्यावर दीड हजाराच्या वर आकडा झळकतो. नमुना भरलेली वाडगी जरा फिरवली की तोच नमुना पुन्हा स्वच्छ. यंत्र दोन्ही वेळा बरोबर सांगत असतं, नमुना नीट तयार झालेला नसतो.

यावर उपाय जुनाच आणि कष्टाचा आहे. खडे, मुळं, काडीकचरा काढा. माती २ मिमीच्या चाळणीतून काढा, मग खलात बारीक करून ०.२५ मिमीच्या चाळणीतून सगळी जाईपर्यंत कुटा. चाळणीवर उरलेलं फेकून द्यायचं नाही, तेही कुटून मिसळायचं. अपवाद एकच. लहान मुलांच्या हाताला चिकटून तोंडात जाणाऱ्या मातीचा धोका तपासायचा असेल तर न कुटता १५० मायक्रॉनच्या चाळणीतून जे पडेल तेवढंच मोजायचं, कारण हाताला तेच चिकटतं आणि शिसंही बहुधा त्याच बारीक भागात जास्त असतं. चाळणी नायलॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी. पितळी चाळणीतून तांबं आणि जस्त नमुन्यात उतरतं. खोदायलाही जस्ताचा मुलामा दिलेली खुरपी नको.

आता वाडगी. हे प्लास्टिकचं छोटं भांडं, तळाला साधारण ४ मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. फिल्म ताणून बसली पाहिजे. एक बारीक सुरकुती राहिली तरी माती आणि खिडकी यांच्यात हवेची फट पडते आणि क्रोमियमसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांचा आकडा घसरतो. वाडगी किमान १ सेंटिमीटर उंच भरा. शिशाला १ मिमी पुरते, पण कॅडमियमच्या २३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना तेवढा थर लागतो. पातळ भरली तर किरण आरपार जातात आणि आकडा कमी येतो. मागे कापसाचा बोळा लावून माती दाबून ठेवा. नमुना पिशवीतूनच मोजायचा मोह होतो. शिसं आणि जस्तासाठी पातळ पॉलिथिनने फारसं बिघडत नाही, क्रोमियमचा आकडा मात्र उघडपणे कमी येतो.

एका वाडगीची तीन रीडिंग घ्या, प्रत्येक वेळी झटकून पुन्हा भरून. तिन्ही एकमेकांपासून १० टक्क्यांपेक्षा दूर असतील तर कुटणं कमी पडलं आहे.

दिवसाची शिस्तही ठरलेली असावी. सुरुवातीला यंत्रासोबत येणाऱ्या स्टीलच्या चकतीवर ऊर्जेची जुळणी, मग शुद्ध सिलिकाची कोरी वाडगी, मग प्रमाणित माती, आणि दर २० नमुन्यांनंतर पुन्हा तेच. कोऱ्या वाडगीत शिसं दिसलं तर खिडकीवर धूळ बसली आहे. दर २० नमुन्यांमागे किमान एक नमुना लॅबला पाठवायचा, आणि असे नमुने कमी, मध्यम व जास्त अशा तिन्ही पट्ट्यांतले असावेत. दोन्ही आकड्यांचा सहसंबंध ०.७ च्या वर असेल तर निकाल छाननीच्या दर्जाचे मानतात, ०.९ च्या वर असेल तर त्यावर जास्त ठाम बोलता येतं. एक सावधगिरी: ४० नमुने ५० ते १०० पीपीएमचे आणि एक ५,००० चा असेल, तर त्या एकट्याच्या जोरावर सहसंबंध ०.९९ येतो. तो काढून टाकून हिशेब पुन्हा करा.

वनस्पतीत किती शिरतं: इथे यंत्र गप्प

यंत्र मातीतला एकूण धातू मोजतं. मुळांना एकूण धातूशी देणंघेणं नसतं. मातीच्या पाण्यात विरघळलेला आणि चिकणमातीच्या कणांवर सैल धरलेला धातू तेवढा त्यांच्या वाट्याला येतो. ३०० पीपीएम जस्ताच्या दोन जमिनी, एक चुनखडीची आणि एक आम्लधर्मी, यंत्राला जुळ्या बहिणी दिसतील. पिकाला त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

कॅडमियमचं उदाहरण घ्या. वनस्पतीला कॅडमियमची गरज नसते, म्हणून त्याच्यासाठी वेगळं दारही नसतं. ते लोखंड, जस्त आणि मँगेनीजसाठी असलेल्या दारांतून आत शिरतं. भाताच्या मुळांत मँगेनीज आत घेणारं ओएसएनरॅम्प५ हे प्रथिन कॅडमियमचंही मुख्य दार आहे. लोखंड कमी पडलं की मुळं लोखंडाची दारं वाढवतात आणि त्यातून कॅडमियम जास्त येतं. जमिनीचा सामू (पीएच, आम्लतेचं माप) ७ वरून ५.५ वर घसरला की द्रावणातलं कॅडमियम कित्येक पटींनी वाढतं. खारट पाणी दिलं तर क्लोराइड कॅडमियमला धरून द्रावणात ठेवतं आणि ते पिकात जास्त जातं. यातली एकही गोष्ट एक्सआरएफच्या पडद्यावर उमटत नाही.

भातखाचरात तर पाण्याच्या एका निर्णयाने चित्र उलटतं. पाणी साठवून ठेवलं की हवा संपते, सल्फाइड तयार होतं, कॅडमियम त्यात अडकतं आणि दाण्यात कमी जातं. पण त्याच अवस्थेत लोखंडाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. ते आर्सेनाइटच्या रूपात, सिलिकॉनसाठी असलेल्या एलएसआय१ या दारातून भाताच्या मुळांत शिरतं. खाचर सुकवलं की आर्सेनिक बसतं आणि कॅडमियम उठतं. माती तीच, यंत्राचा आकडा तोच, दाण्यातलं विष वेगळं. जपानच्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्याने भिजलेल्या भातातून कॅडमियम माणसांच्या हाडांपर्यंत पोचलं. इताई-इताई या आजाराचं कारण कॅडमियम आहे, असं तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

म्हणून शेतीसाठी तपासणी असेल तर यंत्राच्या नकाशावरून जागा निवडा आणि तिथले नमुने दोन चाचण्यांसाठी लॅबला द्या. पहिली सामू, ही तर न चुकता. दुसरी सौम्य द्रावणाने मातीतून काढलेल्या अर्काची. ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, मातीच्या दहापट द्रावण, दोन तास हलवणं, मग गाळून मोजणी. पिकात कॅडमियम आणि जस्त किती जाईल याचा अंदाज यावरून एकूण आकड्यापेक्षा पुष्कळ चांगला येतो. बऱ्याच लॅब डीटीपीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) पद्धत वापरतात: १० ग्रॅम माती, ०.००५ मोलर डीटीपीएचं २० मिली द्रावण, सामू ७.३, दोन तास. ती १९७८ मध्ये उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींतली सूक्ष्म अन्नद्रव्यं मोजायला बसवलेली पद्धत आहे. द्रावणाचा सामू ७.३ वर बांधलेला असल्यामुळे आम्लधर्मी जमिनीतला खरा धोका तिच्यात झाकला जातो. लॅबने कोणती पद्धत वापरली हे न विचारता दोन अहवालांची तुलना करू नका.

शिशाचा मार्ग पुन्हा निराळा. ते मुळांत अडकून पडतं, पानांपर्यंत फार थोडं चढतं आणि फळांत-दाण्यांत त्याहून कमी. पानांवर सापडणारं शिसं बरंचसं उडालेली माती असते. हिशेब करून पाहा: मातीत ५०० पीपीएम शिसं आणि पानाच्या कोरड्या वजनात १ टक्का माती चिकटलेली, तर कोरड्या पानात ५ पीपीएमची भर. पानात ९० टक्के पाणी धरलं तर ताज्या पानात ०.५ पीपीएम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची पालेभाज्यांसाठीची शिशाची मर्यादा ०.३ आहे. मुळातून एक कणही वर न चढता मर्यादा ओलांडली गेली.

आणि इथे यंत्राचा एक सुंदर उपयोग आहे, जो फार कमी लोक करतात. पानं वाळवून, दळून, वाडगीत जाड थर भरून टायटॅनियम मोजा. वनस्पती टायटॅनियम जवळपास घेतच नाहीत, मातीत मात्र ते हजारांत असतं. मातीत ४,००० पीपीएम आणि पानाच्या भुकटीत ४० दिसलं, तर पानावर साधारण १ टक्का माती आहे. नमुना नीट धुतला गेला होता का, याचं उत्तर त्या एका आकड्यात मिळतं. मात्र मातीसाठीच्या मोडमध्ये वनस्पतीचे आकडे चुकतात. पानाची भुकटी हलकी असते, किरण तिच्यात वेगळे वागतात. यंत्रात वनस्पतीसाठी वेगळी जुळणी आहे का, हे आधी विचारून घ्या. जिथे धातू खूप साठतो तिथे हे काम विशेष खुलतं. कोरड्या पानात हजार पीपीएमच्या वर निकेल साठवणाऱ्या वनस्पती शोधायला वनस्पतिसंग्रहालयातले जुने वाळलेले नमुने याच यंत्राने, पान न फाडता, तपासले गेले आहेत.

गांडुळांबद्दल थोडक्यात: ती कॅडमियम मातीपेक्षा कितीतरी जास्त साठवतात, शिसं सहसा तसं साठवत नाहीत. गांडूळ मोजायचं असेल तर आधी ओल्या गाळणकागदावर दोन दिवस ठेवून पोट रिकामं होऊ द्या, नाहीतर तुम्ही त्याच्या आतड्यातली माती मोजाल.

जमीन सुधारल्यावर यंत्र घेऊन यश मोजायला जाऊ नका. चुना टाकून सामू वाढवला किंवा फॉस्फेट टाकून शिसं पायरोमॉर्फाइट या सहसा न विरघळणाऱ्या खनिजाच्या रूपात बांधलं, तर धातू जागेवरच असतो, फक्त सुटत नाही. एकूण आकडा पहिला होता तोच येणार. ते यश सौम्य द्रावणाच्या चाचणीत आणि पिकात दिसतं. जाता जाता, शिशासोबत आर्सेनिकही असेल तर फॉस्फेट जपून टाका. ते आर्सेनेटला, म्हणजे आर्सेनिकच्या एका रूपाला, मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं.

यंत्र म्हणून कसं आहे

सर्वांत नाजूक भाग पुढची पातळ खिडकी. गवताची कडक काडी किंवा तुटलेलं मूळ तिच्यातून सरळ आत जातं, धूळ डिटेक्टरपर्यंत पोचते आणि यंत्र महिनोन्‌महिने दुरुस्तीला पडतं. शेतात मोजताना जागा खुरप्याने साफ व सपाट करा, पातळ फिल्म अंथरा आणि मगच तोंड टेकवा. तापलेल्या जमिनीवर डिटेक्टरचं शीतकरण धापा टाकतं आणि यंत्र स्वतःहून थांबतं. सकाळची वेळ बरी. जीपीएस काही मीटरनी चुकतो, त्यामुळे ५ मीटरच्या जाळीला तो पुरत नाही. खुंट्या आणि टेप घ्या.

वाडगी किंवा पिशवी बोटांत धरून ट्रिगर दाबू नका. किरण पातळ नमुन्यातून थेट बोटांत जातात. नमुन्यांची मोजणी झाकणाच्या स्टँडमध्येच करा. यंत्र चालवायला परवाना आणि प्रशिक्षण लागतं, तो कागद भाड्याने देणाऱ्याकडे मागा. सोबतच त्या यंत्राची शेवटची जुळणी कधी झाली आणि मातीच्या मोडमध्ये कोणते धातू उघडलेले आहेत तेही विचारा. धातूंच्या मिश्रधातू तपासायला घेतलेलं यंत्र मातीचा मोड न बसवताच भाड्याने देतात, आणि त्यावरचे आकडे मातीसाठी निरर्थक असतात. मोड आहे याची खात्री करायला प्रमाणित मातीचं एक रीडिंग पुरे.

रंग बदलणाऱ्या काड्यांचे संच यंत्राला स्वस्त पर्याय म्हणून सुचवले जातात. त्या काड्या भिंतीला दिलेल्या रंगातलं शिसं ओळखायला बनलेल्या आहेत. मातीतल्या काही शेकडा पीपीएमला त्यांचा रंग बदलेलच असं नाही, आणि न बदललेल्या रंगावर विसंबून मुलांना त्या मातीत खेळायला सोडणं धोक्याचं आहे.

एकच बाग किंवा एकच शेत तपासायचं असेल तर यंत्र घेऊ नका. वीस-पंचवीस ठिकाणची माती मिसळून केलेले दोन-तीन नमुने आयसीपी-एमएस (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) असलेल्या लॅबला द्या, त्यात कॅडमियमसुद्धा कळेल. जागा मोठी, इतिहास संशयास्पद आणि धातू शिसं-जस्त-तांब्याच्या कुळातला असेल तर यंत्र दोन दिवस भाड्याने घ्या, पहिला दिवस जाळीच्या रीडिंगसाठी आणि दुसरा वाळवलेल्या, चाळलेल्या नमुन्यांसाठी. विकत घ्यावं ते वर्षातून शेकडो नमुने तपासणाऱ्यांनीच, आणि तेही नमुने वाळवायला, कुटायला, चाळायला एक माणूस कायमचा असेल तर.